अंगणातली बारा पावलं

पोळ्यानंतरच्या सोमवारी सकाळी माझ्या नवऱ्याच्या थुंकीत रक्त आलं. त्यांनी तोंड धुतलं, डबा घेतला आणि जाफराबाद तालुक्यातल्या प्लॉटवर गेले. संध्याकाळी आले, हातपाय धुतले, जेवले. जेवण झाल्यावर मला सांगितलं.

"सकाळीच का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"क्रॉसिंग चालू आहे," ते म्हणाले. "बायका शेतात येऊन थांबल्या होत्या."

जालन्याबाहेरच्या माणसाला हे उत्तर कळायचं नाही. आमच्याकडे बियाण्याचा धंदा मोठा. संकरित बियाणं तयार होतं ते शेतकऱ्यांच्या शेतातच. अशा शेताला सगळे प्लॉट म्हणतात. कपाशीच्या प्लॉटवर बायका दुपारनंतर मादी झाडाच्या कळीतले पुंकेसर नखानं काढून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल त्या कळीवर हातानं फिरवतात. हे क्रॉसिंग. एक सकाळ चुकली तर त्या दिवसाच्या कळ्या गेल्या. माझे यजमान एका बियाणे कंपनीत प्लॉट तपासायचं काम करत. शेतात भेसळीचं झाड दिसलं की उपटायला लावायचं, आणि शेवटी प्लॉट पास की फेल ते ठरवायचं. ते ठरवत असल्यामुळे त्यांना टेंभुर्णीपासून घनसावंगीपर्यंत लोक ओळखत, आणि त्यातले निम्मे मनातून रागावलेले असत.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. आमचं लग्न झालं आणि मी जालन्यात आले तेव्हा घरात दोन कपाटं होती. एकात माझी पुस्तकं राहिली, दुसऱ्यात त्यांच्या बियाण्यांच्या नमुन्याच्या पिशव्या. पिशव्यांना उंदीर लागायला लागल्यावर त्यांनी अंगणाच्या पलीकडच्या टोकाला, लिंबाच्या झाडाखाली, पत्र्याची एक खोली बांधून घेतली. त्या खोलीबद्दल पुढे लिहायचं आहे.

त्यांच्या कामातली एक गोष्ट आधी सांगते. बियाण्याच्या प्लॉटच्या चारी बाजूंना ठरावीक अंतरापर्यंत त्याच पिकाचं दुसरं वाण असायला नको. वाऱ्यानं, माशीनं पराग येतो आणि बियाणं बिघडतं. प्रत्येक पिकाला अंतर वेगळं. ते आधी पावलांनी मोजत आणि शंका आली की पिशवीतली टेप काढत. नियमात लिहिलेलं अंतर हे कमीत कमी असतं, असं ते म्हणायचे. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एक बाजरीचा प्लॉट नियमाला अगदी बरोबर भरला म्हणून पास केला होता. पुढच्या वर्षी कुठल्या तरी लांबच्या गावचा, ते बियाणं पेरलेला एक माणूस ऑफिसात आला. त्यानं एक पेंढी टेबलावर ठेवली. काही धाटं उंच, काही बुटकी, काही कणसाविना. तो एक शब्द बोलला नाही आणि पाणीही न पिता निघून गेला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, पण त्यानंतर प्लॉट पास करताना त्यांना वेळ का लागायचा ते मला कळत गेलं.

रक्त आल्यानंतरच्या तपासण्या जालन्यात आणि औरंगाबादला झाल्या. डाव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात गाठ होती, आणि ती कॅन्सरची होती. तिथून आम्हाला मुंबईला पाठवलं.

मुंबईच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या असतील. शांत बोलायच्या. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर लावला आणि अडचण सांगितली. यजमानांना लहानपणी टीबी झाला होता आणि त्यात उजवं फुफ्फुस बरंच निकामी झालं होतं. आता डाव्याचा अख्खा भाग काढला तर श्वास पुरणार नाही. म्हणून गाठ आणि तिच्याभोवतीचं थोडंसंच कापायचं. पण थोडं कापलं की कडेला रोग शिल्लक राहण्याची भीती.

"म्हणून कापलेल्या कडेवर एक जाळी शिवायची," त्या म्हणाल्या. "जाळीच्या धाग्यात बारीक दाणे ओवलेले असतात. त्यांच्यातून किरण निघतात, पण फार लांब जात नाहीत. जिथं कापलंय तिथल्या तिथं काम करतात. धागा काही महिन्यांत शरीरात विरघळून जातो."

"आणि दाणे?" यजमानांनी विचारलं.

"दाणे आतच राहतात. पण ते थंड होत जातात. दर दोन महिन्यांनी त्यांची ताकद निम्मी होते." मग त्या म्हणाल्या, "आपल्याकडे हे अजून फार जणांना केलेलं नाही. मी तुम्हाला खात्री देत नाही. पण तुमच्या बाबतीत मला हेच बरं वाटतं."

दाखवायला त्यांच्याकडे एक रिकामा दाणा होता, किरण नसलेला. धातूचा, तांदळाच्या दाण्याहून बारीक. यजमानांनी तो तळहातावर घेतला, अंगठ्यानं पुढेमागे लोळवला, उजेडाकडे धरला. ज्वारीचं बियाणं हातात आलं की ते असंच करायचे. डॉक्टरबाईंना हसू आलं.

"सगळे सारखे असतात का?" यजमानांनी विचारलं.

"मोजून बघतो आम्ही. प्रत्येक."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि होकार दिला.

ऑपरेशन दिवाळीच्या आधी झालं. घरी सोडताना एक छापील कागद मिळाला. त्यात लिहिलं होतं, पहिले दोन महिने लहान मुलांना मांडीवर घेऊ नये, गरोदर बाईनं एका हाताच्या अंतरावर बसावं; इतरांनी नेहमीसारखं राहावं. वर्षभरात रुग्णाचं काही बरंवाईट झालं तर अंत्यविधीच्या आधी दवाखान्याला कळवावं. शेवटची ओळ मी मनात वाचली. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि ती मोठ्यानं वाचली. मग म्हणाले, "कागद व्यवस्थित केलाय."

तेव्हा आमच्या मुलीला चौथा महिना होता. ती मंठ्याला सासरी असते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे दोन्ही घरांत धरलेलं होतं. सातव्या महिन्यात ओटी भरून ती जालन्याला येणार, तोवर ऑपरेशनला तीन महिने होऊन जाणार. कागदाप्रमाणे सगळं बसत होतं. मी तसं बोलूनही दाखवलं.

"कागदात कमीत कमी लिहिलेलं असतं," ते म्हणाले.

"डॉक्टरांनी विचार करूनच लिहिलं असेल ना."

"नियम करणाऱ्यांनीही विचार करूनच केले होते."

ती पेंढी मला आठवली.

त्यांनी आधी मुलीला येऊच नको म्हणून सांगून बघितलं. दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. आवाज गोड होता.

"न्हाई म्हंजे, आमच्या घरी काय जागा कमी न्हाई बाळंतपणाला. पन लोकं इचारतात हो, माहेर हाय का न्हाई पोरीला. मी म्हन्लं, हाय की, आई लायब्ररीत असते, पुस्तकं सांभाळते."

मी ते यजमानांना जसंच्या तसं सांगितलं. ते उठले आणि पत्र्याच्या खोलीतल्या पिशव्या बाहेर काढायला लागले. चार दिवसांत खोलीत खाट, पाण्याचा माठ, रेडिओ आणि टेबल गेलं. मुलगी येण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी घराच्या ओट्यापासून खोलीकडे पावलं मोजली, वाकून चुन्याच्या फक्कीची रेघ ओढली आणि धाप लागली म्हणून लिंबाला टेकून उभे राहिले. ओट्यापासून रेघ बारा पावलांवर होती. खोली तिच्या पलीकडे.

"मला कुठं राहायचंय?" मी विचारलं.

"तुला चालतं," ते म्हणाले. "तुझं वय झालं."

मी रेघेच्या दोन्ही बाजूंना राहिले. ताट नेऊन द्यायची, पेपर वाचून दाखवायची, त्यांचा ताप बघायची. मुलगी आली ती ओट्यावर खुर्ची टाकून बसायची, आणि बापलेक अंगण मधे ठेवून बोलायचे. दोघांचेही आवाज मुळात हळू. त्यामुळे निम्मं बोलणं माझ्यामार्फत व्हायचं.

"आई, बाबांना विचार, रात्री खोकला होता का."

"तिला सांग, नव्हता."

"त्यांना सांग, मला ऐकू आला."

एकदा ती उठली आणि तरातरा रेघेपर्यंत गेली. ते खोलीच्या दारात उभे होते, ते मागे सरकत खोलीत गेले. ती तिथं थोडी थांबली. मग पोटावर हात ठेवून परत आली. त्या दिवशी ती जेवली नाही. संध्याकाळी मला म्हणाली, "आई, ते मला भेसळ समजतात का गं?"

"तुला नाही," मी म्हणाले. "स्वतःला."

मी त्या दिवसांत ग्रंथालयात पदार्थविज्ञानाची पुस्तकं काढून वाचत होते. बी.एस्सी.च्या मुलांची ती पुस्तकं. मला त्यातलं निम्मं कळायचं. एक तक्ता होता. निम्मा, पाव, आठवा भाग, सोळावा. तक्ता खाली खाली जात राहतो आणि शून्य कुठंच येत नाही. त्या निम्मं होण्याच्या मुदतीला पुस्तकात अर्धायुष्य म्हटलं होतं. तक्ता मी त्यांना कागदावर उतरवून दिला. शब्द सांगितला नाही.

तक्ता देणं ही माझी चूक झाली. त्यांनी तो खोलीच्या भिंतीला चिकटवला, आणि रोज ते शून्य शोधायचे.

चैत्रात मुलीला मुलगी झाली. दवाखाना घरापासून जवळ होता, पण ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाळ घरी आणलं तेव्हा ते रेघेच्या पलीकडे इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. मी ओट्यावर दुपटं थोडं बाजूला केलं. बारा पावलांवरून अर्ध्या वितीचा चेहरा काय दिसणार.

"कोणासारखी आहे?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासारखी. कपाळाला आठ्या आहेत."

बारशाला मंठ्याची मंडळी आली. विहीणबाईंनी रेघ पाहिली, खोली पाहिली, पदर सावरला. त्यांना मी सगळं आधीच सांगितलं होतं. त्या रेघेपर्यंत चालत गेल्या आणि म्हणाल्या, "व्याहीबुवा, आमची नात एवढी वाईट हाय का?" टोमणाच होता, पण बोलता बोलता त्यांचेच डोळे भरले आणि त्या परत फिरल्या. जाताना म्हणाल्या की मृगाच्या आधी सुनेला न्यायला येऊ. तोवर बाळाला दोन महिने होत येणार होते.

बारशानंतर दोन आठवड्यांनी आम्ही मुंबईला तपासणीला गेलो. ऑपरेशनला सहा महिने झाले होते. डॉक्टरबाईंनी विचारलं, "आजोबा झालात ना? नात कशी आहे?"

"लांबून चांगली आहे," ते म्हणाले.

डॉक्टरबाईंना आधी काही कळेना. मग मी सगळं सांगितलं, रेघेसकट. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अहो, जन्मली त्या दिवशीच घ्यायची होती. आता तर आठवाच भाग उरलाय, आणि तोही बहुतेक छातीतच अडतो. आज घरी जा आणि मांडीवर घ्या."

"आठवा भाग म्हणजे शून्य नाही."

"नाही," त्या म्हणाल्या. "शून्य नाही. पण धोकाही नाही."

मग त्यांनी नवे फोटो लावले. जाळी शिवली होती तिथं सगळं स्वच्छ होतं. पण यकृतावर दोन डाग दिसत होते, आधी नसलेले. जाळीचं काम तिच्या जागेपुरतं होतं आणि ते तिनं केलं होतं. रोग दुसरीकडे गेला होता. किती वेळ आहे, असं यजमानांनीच विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, महिन्यांत बोलावं लागेल, वर्षांत नाही.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले होते. मनमाड गेल्यावर म्हणाले, "सोळावा भाग व्हायला अजून दोन महिने."

"आणि बत्तिसावा व्हायला चार," मी म्हणाले. "तुमच्याकडे किती आहेत?"

पंचवीस वर्षांत मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. त्यांना राग आला नाही. बाहेर बघतच म्हणाले, "तिला पुढं सगळं आयुष्य आहे. माझ्या मांडीसाठी तिचं बिघडायला नको."

रेघ राहिली. मे महिना लागला, पत्र्याची खोली दुपारी तापायची, ते लिंबाखाली खाट टाकून पडायचे आणि बाळ रडलं की उठून बसायचे. फोनवर मंठ्याची मंडळी मुलीला न्यायचा दिवस ठरवत होती. शेवटी ठरला.

त्या दिवसाच्या आदल्या दिवशी टेंभुर्णीचे आप्पा आले.

आप्पा म्हणजे पासष्टीचे शेतकरी, कंपनीचा ज्वारीचा प्लॉट घेणारे. पूर्वी कधी तरी यजमानांनी त्यांचा प्लॉट फेल केला होता. शेजारी त्यांच्या चुलतभावानं गावरान ज्वारी पेरली होती आणि अंतर अकरा पावलं कमी पडलं होतं. त्या वर्षी त्यांचं बियाणं धान्य म्हणून आडतीवर गेलं. दोन वर्षं ते यजमानांशी बोलले नाहीत. तिसऱ्या वर्षी स्वतःच आले, पुन्हा प्लॉट घेतला, आणि मग असा सांभाळला की यजमान दुसऱ्यांना तो बघायला पाठवत. अकरा पावलांची आठवण मात्र ते प्रत्येक भेटीत काढत.

ते उन्हाळी भुईमुगाच्या ओल्या शेंगांचं गाठोडं घेऊन फाटकातून आले. अंगणाच्या मधोमध थांबले.

"काय साहेब, कबड्डी खेळून राह्यले का?"

"अंतर आहे, आप्पा," यजमान खाटेवरून म्हणाले.

"कशाचं?"

त्यांनी सांगितलं. गाठ, जाळी, धागा, दाणे, निम्मं निम्मं होणं. आप्पा उकिडवे बसून ऐकत होते, मधेच एखादी शेंग फोडत होते.

"म्हंजी डॉक्टरनी छातीत पेरणी केली."

"तसंच म्हणा."

"उगवत न्हाई ना?"

"नाही."

"मंग बरंय. उगवलं असतं तं तुम्ही तेबी फेल केलं असतं."

यजमान हसले. हसताना खोकला आला. तो थांबेपर्यंत आप्पा जमिनीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टर काय म्हन्ले, घ्या का नका घेऊ?"

"घ्या म्हणाले."

"मंग?"

"आठवा भाग शिल्लक होता. आता जरा कमी असेल."

आप्पांनी टरफलं गोळा करून लिंबाच्या बुडाशी टाकली. हात झटकले.

"एक इचारू का साहेब? माझा प्लॉट फेल केल्ता तवा मी काय म्हन्लो व्हतो, आठवते का? मी म्हन्लो, माझं वावर म्या सोता बघितलंय, एकबी भेसळ न्हाई, माझ्यावर इस्वास ठेवा. तुम्ही काय म्हन्ले?"

यजमान उशी सारखी करायला लागले.

"सांगा की. मी धा वर्षं तेच घोकून राह्यलो."

"म्हणालो, आपल्या प्लॉटला आपण पास-फेल करायचं नसतं. ते दुसऱ्याचं काम."

"हां. बराबर. अन् आता सोताचा प्लॉट सोताच फेल करून राह्यले." ते उठले. "डॉक्टरची तपासणी झाली, तेनं पास केलं, तरी साहेब मधेच. म्या असं केलं असतं तं तुम्ही मला पुन्हा कंपनीचा प्लॉट दिला असता का? बाई, कागद हाय का तेचा?"

मी कागद आणला. आप्पांना वाचता येत होतं, पण चष्मा नव्हता, म्हणून मी वाचला.

"किती महिने लिव्हले?"

"दोन."

"अन् झाले किती?"

"सात."

"अंतर?"

"बाळाला दोन महिने मांडीवर घ्यायचं नाही. गरोदर बाईनं एक हात लांब बसायचं. एवढंच."

आप्पा ओट्यापाशी गेले आणि तिथून पावलं टाकत निघाले. यजमान टाकायचे तशीच, लांब आणि सारखी. आम्ही सगळे बघत होतो. मुलगी बाळ घेऊन दारात आली होती. रेघेपाशी येऊन ते थांबले.

"बारा," ते म्हणाले. "मला अकरा पावलासाठी फेल केलं, सोताला बारा लावले. लई कडक साहेब. पन साहेब, तवा मी तुम्हाला शिव्या दिल्या, तरी ऐकलं. आपल्याला पटो न पटो, तपासणारा म्हन्ला ते ऐकायचं. मी ऐकलं का न्हाई?"

"ऐकलं."

"मंग आता तुमची बारी." त्यांनी मुलीकडे वळून हात केला. "आन गं माय. प्लॉट पास हाय."

मुलगी हलली नाही. ती तिच्या बाबांकडे बघत होती. मीही. त्या क्षणी ते नाही म्हणाले असते तर आम्ही कोणीच त्यांना पुन्हा विचारलं नसतं, हे मला माहीत होतं.

ते म्हणाले, "आप्पा, उद्या बघू."

"उद्या पोरगी मंठ्याला चाल्ली."

यजमानांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. दार उघडं होतं, खाटेवरून तो दिसायचा. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "साबण कुठं आहे?"

मी साबण आणि पाणी नेलं. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. खाटेवर मांडी घातली. मुलगी रेघ ओलांडून गेली आणि बाळ त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उजव्या बाजूला घेतलं, दाणे डावीकडे होते म्हणून. बाळ जागं होतं. त्यानं तोंड वाकडं केलं, पण रडलं नाही. यजमानांनी हात किंचित वर-खाली केला, पोतं उचलून अंदाज घेतात तसा.

"चार किलोला थोडी जास्त," ते म्हणाले.

"चार किलो शंभर," मुलगी म्हणाली. "परवाच वजन केलं." आणि मग ती त्यांच्या खांद्याला डोकं लावून रडायला लागली. त्यांनी तिला लांब सरक म्हटलं नाही.

आप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, चहा होईल का? शेंगा बी भाजा थोड्या."

चहा होईपर्यंत आणि शेंगा भाजून होईपर्यंत बाळ मांडीवर होतं. मधे एकदा त्यांनी विचारलं, "आप्पा, किती वेळ चालेल?" आप्पा म्हणाले, "हंगाम संपस्तोर."

दुसऱ्या दिवशी मुलगी मंठ्याला गेली. पण नंतर दर पंधरा दिवसांनी ती बाळाला घेऊन यायची. बसनं, कधी जावईबापू जीपनं सोडायचे. विहीणबाईंनी एकदाही अडवलं नाही. यजमान घरात राहायला आले. खोली रिकामी झाली. तक्ता त्यांनी भिंतीवरून काढला नाही, मीही नाही. पावसाळ्यात ते शेवटचे प्लॉटवर गेले, टेंभुर्णीला, आप्पांच्या शेतात. खाली उतरले नाहीत, जीपमधूनच बघितलं. आप्पांनी विचारलं, "पास का?" ते म्हणाले, "मी आता तपासणीस नाही." पण घरी आल्यावर मला म्हणाले की प्लॉट चांगला आहे.

हुरड्याच्या दिवसांत ते गेले. ऑपरेशनला चौदा महिने झाले होते. नात साडेआठ महिन्यांची होती, बसायला लागली होती. शेवटच्या आठवड्यात ती त्यांच्या खाटेवर बसून त्यांच्या बोटांशी खेळायची आणि ते डोळे मिटून पडलेले असायचे. बोट ओढलं की ते थोडं परत ओढून घ्यायचे. ती हसायची.

कागदातली वर्षाची मुदत संपली होती, तरी मी दवाखान्याला फोन केला. डॉक्टरबाई स्वतः फोनवर आल्या. म्हणाल्या, आता काही करायची गरज नाही, नेहमीसारखं करा. मग विचारलं, "नात घेतली होती का?"

"घेतली," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला माझे दीर आणि आप्पा गेले. त्या दाण्यांना आगीनं काही होत नाही असं ऐकलं होतं. दिरांनी मला निघताना विचारलं की शोधायचे का. मी नको म्हटलं. अस्थी घनसावंगीच्या पुढं गोदावरीत सोडल्या. दाणे राखेत असतील तर तिथंच गेले. सात वेळा निम्मे झाले होते. मी हिशोब करून पाहिला, एकशे अठ्ठाविसावा भाग येतो.

याला आता सात वर्षं झाली. पुढची दोन वर्षं आप्पा दर हंगामात येत. नंतर त्यांचा मुलगा यायला लागला. नात मंठ्याला शाळेत जाते आणि सुटीत माझ्याकडे येते. तिला आजोबा आठवत नाहीत. मी सांगते तेवढं तिला माहीत आहे. पत्र्याच्या खोलीत मी पुस्तकं ठेवली आहेत. भिंतीवरचा तक्ता उन्हानं पिवळा झाला आहे, पण आकडे वाचता येतात. अंगणातली रेघ नेमकी कुठं होती ते मला आता सांगता येत नाही. त्यांची टेप कपाटात आहे.